खोक्यावरचे '५० डीबी' नेमके कुठले?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

सणासुदीचे सेल लागले की आपल्या पेपरात पानभर हेडफोन आणि इअरबड्सच्या जाहिराती येतात, त्याबद्दल काही तक्रार नाही, पेपर चालवायचा तर जाहिराती लागणारच. पण त्या जाहिरातींत हल्ली एक आकडा ठळक छापलेला असतो, 'अपटू ३२ डीबी' (डीबी म्हणजे डेसिबल, आवाज मोजायचं माप), 'अपटू ४५ डीबी', आता तर 'अपटू ५० डीबी नॉईज कॅन्सलेशन', आणि लोक तो आकडा बघून पैसे टाकतात, मीपण टाकले, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर खुशाल लावा पण ईएनसी आणि एएनसी मधल्या फरकाचा भाग तेवढा ठेवा.

मी फौंड्री लाईनमधला माणूस, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी. कास्टिंगची, म्हणजे ओतीव पार्टची, कंप्लेंट आली की कस्टमरकडे पळायचं हे माझं काम, त्यामुळं महिन्याला सहा-आठ फ्लाइट होतात, कधी बेंगळुरू, कधी हैदराबाद, तिथून पुढं चेन्नई नाहीतर दिल्ली. विमानानं फिरतो म्हटलं की पाहुण्यांना वाटतं काय मजा आहे बुवा याची, पण खरं सांगायचं तर आमच्यासाठी ती एसटीच झालीय, फक्त खिडकी उघडत नाही. आणि उजळाईवाडीहून, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या विमानतळावरून, सुटणारं बरंचसं विमान म्हणजे ते पंखेवालं एटीआर. ज्यांनी त्यातून प्रवास केलाय त्यांना माहितीय मी कशाबद्दल बोलतोय. तास-दीड तास डोक्यात एकच घुंऽऽऽ चालू, उतरल्यावर हॉटेलात पोचेपर्यंत ते घुमतच असतं.

तर पहिली खरेदी. दुकानात गेलो, म्हटलं विमानात आवाज कमी येईल असं काहीतरी दाखवा, बजेट दोन हजार. त्यानं एक इअरबड्सचा डबा काढला, त्यावर मोठ्या अक्षरात 'क्वाड माईक ईएनसी नॉईज कॅन्सलेशन'. म्हणाला साहेब एकदम सायलेंट, कानाशी ढोल वाजवला तरी कळणार नाही. १,८०० रुपये दिले आणि घेऊन आलो. पुढच्याच आठवड्यात हैदराबाद होतं, कानात घातले, विमान सुटलं आणि कशाचं काय, घुंऽऽऽ जसं होतं तसंच, म्हणून गाण्याचा आवाज वाढवला, अजून वाढवला, शेवटी फुल्ल केला. उतरलो तेव्हा कानात रातकिडे ओरडत होते, रात्री जेवतानासुद्धा. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, सर, ईएनसी हे कॉलसाठी असतं.

हे कळायला मला १,८०० रुपये लागले, वाचकांना फुकटात सांगतो. ईएनसी म्हणजे तुमच्या बोलण्याच्या माईकची सोय. तुम्ही बस स्टँडवरून फोन केला तर मागचा गोंगाट गाळून फक्त तुमचा आवाज समोरच्याला जातो. तुमच्या स्वतःच्या कानाला त्यातून काडीचा आराम नाही. म्हणजे पैसे माझे आणि फायदा बायकोला. विमानासाठी पाहिजे ते एएनसी, ॲक्टिव्ह वालं. खोक्यावर 'ॲक्टिव्ह' किंवा 'एएनसी' हे शब्द नसतील आणि नुसतं नॉईज कॅन्सलेशन लिहिलं असेल तर ते खोकं खाली ठेवा. दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक आहे, आणि मला तरी वाटतं की गिऱ्हाईक गोंधळात पडतं ते कंपन्यांच्या सोयीचंच आहे.

एएनसी चालतं कसं ते आमच्या लाईनच्या माणसाला लगेच कळतं. फिरणाऱ्या पार्टचं बॅलन्सिंग करताना जड बाजूच्या बरोब्बर समोर वजन लावतो ना, तसं. हेडफोनच्या बाहेर बारीक माईक असतो, चांगल्या पीसमध्ये आतल्या बाजूलाही असतो, तो येणारा आवाज ऐकतो आणि आतली चिप त्याच्या उलटी लाट तयार करून कानात सोडते, चढाला उतार आणि उताराला चढ, दोन्ही मिळून जवळजवळ सपाट. पण हे जमतं ते सारख्या, एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजाला. इंजिनाची घरघर, हवेचा घोंगाट, एसीचा हुं. तान्हं पोर रडलं, मागचा माणूस फोनवर जमिनीचा व्यवहार सांगायला लागला, ट्रॉलीवर कॅन आपटला, तर ते ऐकू येणारच, थोडं दबून पण येणारच. दुकानदार ढोलाची गोष्ट सांगतो ती म्हणूनच खोटी.

आता एटीआरचं गणित मांडून बघा, मी विमानात बसून मांडलंय, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्या पंख्याला सहा पाती, वर गेल्यावर तो मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला शंभरच्या आसपास थापा, म्हणजे १०० हर्ट्झ. एवढ्या खालच्या आवाजाची लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते, तिला कानातला फोम आणि गादी फारसं अडवू शकत नाही, आणि नेमकं तिथंच एएनसी सगळ्यात जोरात काम करतं. जेटपेक्षा आपल्या या छोट्या विमानात त्याचा उपयोग जास्त, असं माझं मत झालंय. (जाता जाता, एटीआरमध्ये पुढच्या, पंख्याच्या जवळच्या सीटवर आवाज जास्त, मागं कमी, आणि जेटमध्ये उलटं, इंजिनाच्या पुढं बसलं की बरं. सीट निवडायचे पैसे भरायचेच असतील तर हे बघून भरा.)

बोस कंपनीला असा हेडफोन करायची आयडिया विमानातच सुचलेली आहे बरं का. ती कंपनी काढणारे अमर बोस, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले, १९७८ साली झुरिचहून बोस्टनला चालले होते, विमानातले हेडफोन लावले तर इंजिनाच्या आवाजात गाणं नीट ऐकूच येईना, तर त्यांनी तिथंच वही काढून गणित सुरू केलं. त्यातून पायलट लोकांसाठी हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि तुमच्याआमच्यासारख्या प्रवाशांसाठीचा हेडफोन आला २००० साली. तेव्हा ती श्रीमंतांची वस्तू होती. आज तीच विद्या तीन-चार हजारात मिळते हे चांगलंच आहे, मी काय स्वस्त मालाच्या विरोधात नाही, मी स्वस्तातलाच गिऱ्हाईक आहे.

माझं भांडण त्या आकड्याशी आहे.

आमच्या फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथं, ग्राइंडर चालतात, तिथं आवाज एवढा असतो की शेजारच्याला हाक मारायची तर खांद्यावर हात ठेवावा लागतो. आपल्याकडं कारखान्याच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून आम्ही पोरांना दोरीवाले इअरप्लग देतो, थ्रीएमचे, थोडक्या रुपयांत जोडी येते. त्याच्या पाकिटावर २९ असा आकडा असतो, म्हणजे एवढे डेसिबल आवाज अडतो. तो आकडा अमेरिकेतल्या कायद्यानं ठरवून दिलेल्या चाचणीतून आलेला असतो, कुठल्या पट्टीत किती आवाज अडला याचा तक्तासुद्धा सोबत देतात. आणि आमचा सेफ्टीवाला तेवढ्यावरही विश्वास ठेवत नाही, २९ मधून ७ वजा कर आणि उरल्याचं निम्मं कर म्हणतो, तशी पद्धतच आहे, कारण शॉपमध्ये कोणी प्लग नीट घालत नाही. राहिले ११. म्हणजे थोडक्या रुपयांच्या प्लगचा २९ हा आकडा आम्ही ११ धरून चालतो, आणि चार हजारांच्या हेडफोनवर ५० लिहिलेलं असतं ते लोक ५० च धरून चालतात!

त्यातली मेख 'अपटू' या शब्दात आहे. एका ठराविक पट्टीत, एका चिंचोळ्या जागी, सगळ्यात चांगला आलेला आकडा तेवढा उचलायचा आणि खोक्यावर छापायचा. बाकीच्या पट्टीत किती, ते लिहायचं नाही. कशानं मोजलं, कुठल्या कानावर मोजलं, तेही नाही. आम्ही जर कास्टिंगची हार्डनेस दहा ठिकाणी बघून त्यातली सगळ्यात भारी तेवढी रिपोर्टमध्ये टाकली आणि वर 'अपटू' लिहिलं, तर कस्टमर लॉट तर परत पाठवेलच, वर मला बोलावून घेऊन चहाही देणार नाही. मग हेडफोनवाल्यांना हे कसं चालतं?

आणि डेसिबल हे प्रकरण सरळ बेरजेचं नाही. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. १० म्हणजे निम्मा, २० म्हणजे पाव, ३० म्हणजे रुपयातले दोन आणे. खरोखर सगळ्या पट्ट्यांत ५० कमी झाले असते तर विमानात शेजारच्या माणसाचं बोलणंसुद्धा बंद झालं असतं.

मग घ्यायचं कसं, तर माझी पद्धत सांगतो. दुसरी खरेदी करताना मी ऑनलाइन मागवलं आणि आलेला पीस घरी स्वयंपाकघरात नेला. गाणं लावायचं नाही, ही पहिली अट, गाणं लावलं की सगळेच हेडफोन चांगले वाटतात. एक्झॉस्ट फॅन चालू केला, हेडफोन डोक्यावर चढवला, एएनसीचं बटण बंद-चालू, बंद-चालू असं पाच-सहा वेळा केलं. चांगल्या पीसमध्ये बटण दाबलं की फॅन कोणीतरी पळवून नेल्यासारखा आवाज जातो. मग मिक्सर लावायला सांगितलं, शेंगदाण्याचं कूट चाललं होतं, त्याचा किंचाळ थोडा कमी झाला पण राहिला. कुकरची शिट्टी व्यवस्थित ऐकू आली. बायको म्हणाली बरं झालं, नाहीतर भात करपला असता. फॅन गेला, मिक्सर दबला, शिट्टी राहिली, हीच खऱ्या एएनसीची ओळख, आणि फॅनही राहिला तर पीस परत पाठवा. मोबाईलवर विमानाच्या आवाजाचा व्हिडिओ लावून काही लोक टेस्ट करतात, त्याला अर्थ नाही, मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून तो खालचा आवाज निघतच नाही मुळात. त्यापेक्षा एसटीत इंजिनाजवळच्या सीटवर बसून बघा.

पण आधी रिटर्नची अट वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून बऱ्याच ठिकाणी पैसे परत नाहीत, बदलून देणार एवढंच, तेही सात-दहा दिवसांत. फ्लाइट पंधरा दिवसांनी असेल तर खोकं तोवर बंद ठेवू नका.

इअरबड्स की डोक्यावरून घ्यायचा मोठा, यावर आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या आहेत. मी मोठ्यावाला. एक तर एएनसी चालू ठेवलं की बड्सची बॅटरी साधारण पाच-सहा तासात मान टाकते, मोठा तीस-पस्तीस तास चालतो, आठवडाभर चार्जर शोधत फिरायला नको. दुसरं म्हणजे पूर्ण कान झाकणारा पाहिजे, कानावर नुसता टेकणारा नको, फट राहिली की खालचा आवाज आत शिरतो आणि एएनसीची मेहनत पाण्यात. आणि इथं चष्मेवाल्यांनी माझं ऐका, कारण हे कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. चष्म्याची काडी गादीखाली येते, तिथं बारीक फट पडते आणि त्या फटीतून नेमकी इंजिनाची घरघर येते. माझी जाड फ्रेम होती, पहिले दोन दिवस मला वाटलं हेडफोनच डिफेक्टिव्ह आहे, चष्मा काढला तर एकदम शांत. मग बारीक काडीची फ्रेम करून घेतली, तिचे पैसे हेडफोनच्या हिशेबात धरायचे का यावर घरात चर्चा झाली. बायकांना मोठ्या कानातल्याचा तोच त्रास. इअरबड्स घेणारच असाल तर डब्यात तीन मापांचे रबर येतात, तिन्ही घालून बघा, जे मुळात बसवून आलंय तेच आपल्या कानाचं असं समजू नका, आणि दोन कानांची मापं वेगळी निघाली तर घाबरू नका.

मॉडेलचं नाव विचाराल म्हणून सांगतो, ही काय जाहिरात नव्हे. मी सोनीचा सीएच ७२० एन वापरतो, वजन १९२ ग्रॅम, एएनसी चालू ठेवून कंपनी ३५ तास सांगते, सेलमध्ये दहा हजाराच्या बऱ्यापैकी आत मिळाला. घडी होत नाही, बॅगेत जागा खातो, ही त्याची खोड. अँकरचा साउंडकोर क्यू ३० आमच्या एका पोराकडं आहे, कंपनी ४० तास म्हणते, घडी होते, एटीआरमध्ये मी तो तासभर लावून बघितला, मला माझ्यापेक्षा कमी वाटला नाही. दोन-अडीच हजारांतलेही वापरून बघितले, त्यात एएनसी असतं, घरघर कमीही होते, पण शांततेत बारीक स्स्स असा आवाज येत राहतो, एखाद्याला चालेल, मला झोप लागत नाही. पंचवीस-तीस हजारांचे बोसचे, सोनीचे वरचे मॉडेल चांगलेच आहेत, माणसांचे आवाजसुद्धा बऱ्यापैकी दाबतात, पण नुसत्या इंजिनाच्या घरघरीसाठी तिप्पट पैसे द्यावेत एवढा फरक मला जाणवला नाही. कंपनीच्या पैशानं मिळत असेल तर घ्या.

परदेशात जाणारे असाल तर वायर लावायचं भोक आहे का बघा, साडेतीन एमएमचं. सीटसमोरच्या स्क्रीनला बहुतेक विमानांत अजून वायरच लागते, आणि काही जुन्या सीटना दोन पिनांचा ॲडाप्टर, तो शे-दोनशेत मिळतो. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते, त्यासाठी बॅग उघडायला लावलेली माणसं मी दर महिन्याला बघतो.

आईला पहिल्यांदा विमानानं हैदराबादला बहिणीकडं नेलं तेव्हा मध्येच माझा हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला, तर तिनं माझा हात घट्ट धरला, म्हणाली, "आरं, बंद पडलं काय रे हे?" मग तिला समजावलं, पण एक खरं, काही लोकांना एएनसी चालू केलं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं. तो खरा हवेचा दाब नसतो, सवयीनं जातो, नाहीच गेलं तर ती वस्तू तुमच्यासाठी नाही. विमान खाली उतरताना जे कान दुखतात ते मात्र खऱ्या दाबानं, त्याला कुठलाच हेडफोन काही करू शकत नाही, उलट घट्ट बसणारे बड्स असतील तर तेवढा वेळ काढून ठेवावेत, आवंढा गिळावा, जांभई द्यावी, गोळी चघळावी. आणि हवाईसुंदरी दरवाजाचं सांगत असेल तेव्हा हेडफोन खाली घ्या राव, ते सगळ्यांसाठी असतं.

कोणी म्हणेल एवढा आटापिटा कशाला, कापूस घालून बसा. तर विमानात वर गेल्यावर आवाज साधारण ८० ते ८५ डेसिबल असतो, आणि त्याच्यावर गाणं ऐकू यायचं म्हणून आपण आवाज अजून चढवतो, मी चढवला तसा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. फेटलिंग शॉपमध्ये तीस वर्षं काढलेले लोक मी बघितलेत, टीव्हीचा आवाज केवढा लावतात ते त्यांच्या घरच्यांना विचारा. माझ्यासाठी एएनसीचा उपयोग एवढाच की गाणं निम्म्या आवाजात ऐकू येतं. गाणं नको असेल तर नुसते फोमचे प्लगसुद्धा चालतील, एंजिनाची घरघर राहील पण लेकरू आणि जमिनीचा व्यवहार दोन्ही कमी होईल, आणि मी कधी कधी प्लग घालून त्यावर हेडफोन चढवतो, दिसायला वेडा दिसतो पण झोप लागते.

आता मागणी. इअरप्लगला ठरलेली चाचणी असू शकते तर हेडफोनला का नको? आपल्या मानक ब्यूरोनं, म्हणजे ते आयएसआयवाले, एक पद्धत ठरवावी आणि कंपन्यांनी खोक्यावर तीन आकडे छापावेत, खालच्या पट्टीत किती, मधल्या पट्टीत किती, वरच्या पट्टीत किती, बास. 'अपटू' हा शब्द बंद. आणि ईएनसी असेल तिथं 'हे फक्त कॉलसाठी' असं लिहिणं सक्तीचं करावं, मराठीत लिहिलं तर दुधात साखर. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१९ च्या ग्राहक कायद्यात तरतूद आहे, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मी तिथं तक्रार नोंदवलीय, नंबरही मिळालाय, पुढं काय झालं ते कळवीन.

तोवर आपल्या राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानदारांना एक विनंती आहे. काउंटरवर एक डेमो पीस उघडा ठेवा आणि शेजारी एक जुना टेबलफॅन, चांगला घरघरणारा. गिऱ्हाईक पाच मिनिटांत काय ते ठरवील, आणि तुम्हाला ढोलाची गोष्ट सांगत बसायला लागणार नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक आणि विमान प्रवासी,
कोल्हापूर